टाका लहान, जखम तेवढीच
ऊसतोड महिला कामगारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. साखर आयुक्त, पुणे
मा. जिल्हाधिकारी, बीड

विषय : ऊसतोड महिला कामगारांवर होणाऱ्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया : गरज, पद्धत, संमती व विश्रांती.

महोदय,

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आम्ही बीड जिल्ह्यातील केज, धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या तालुक्यांतून निघतो. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीची असते, हिशेब जोडीचा होतो आणि खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, तोही जोडीलाच लागतो. दुखते मात्र एकटीच्या पोटात. या मागणीपत्राचा विषय ते दुखणे आहे.

आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. २०१९ मध्ये पिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न विधिमंडळात आला, तेव्हा बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढल्याची माहिती सरकारनेच दिली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. हे प्रमाण सुमारे १७ टक्के, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक, असे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या महिलांत हेच प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, हे आम्ही जाणतो. पण एवढी तफावत केवळ वयाच्या फरकाने पडत नाही.

आमची भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट करतो. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल, तर ही शस्त्रक्रिया बाईचा जीव वाचवते. आमची तक्रार दुहेरी आहे. गरज नसलेल्या बाईची पिशवी काढली जाते, आणि गरज असलेल्या बाईला सरकारी दवाखान्यात वेळेवर, नीट आणि कमी त्रासाची शस्त्रक्रिया मिळत नाही. या दोन्ही गोष्टींवर एकाच वेळी उपाय हवा. नुसती बंदी घातली तर खरी गरजू बाई अडकेल आणि नुसती सोय वाढवली तर बिनगरजेची शस्त्रक्रिया आणखी सोपी होईल.

अलीकडे एक नवी गोष्ट ऐकू येते. "आता लहान टाक्याचे ऑपरेशन आहे, तीन दिवसांत घरी," असे बाईला सांगतात. पोटावर सुमारे ४ ते ६ सेंटिमीटरचा आडवा छेद घेऊन गर्भाशय काढण्याची पद्धत (मिनिलॅप) खरोखर आहे आणि योग्य बाईसाठी ती चांगलीही आहे. पण त्या बोलण्याने शस्त्रक्रियाच लहान वाटू लागते. मिनिलॅप म्हटले की आमच्या बायकांना नसबंदीचा टाका आठवतो. तेवढेच काम असेल असे समजून बाई हो म्हणते आणि पंधरा दिवसांत पुन्हा मोळी डोक्यावर घेते. छेद लहान झाला म्हणून अवयव लहान होत नाही, आतली जखम लहान होत नाही आणि निर्णयही लहान होत नाही. पुढील सर्व मागण्यांचा पाया हाच आहे.

मागणी १ : न्यायालयाच्या आदेशाची जिल्हावार अंमलबजावणी

डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश झाला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर संनियंत्रण समित्या असाव्यात, शस्त्रक्रिया झालेल्या महिलेचे वय आणि व्यवसाय नोंदवावा, हे त्या तत्त्वांत आहे. ती तीन महिन्यांची मुदत कधीच उलटली आहे.

आमची मागणी : ऊसतोड कामगार जेथून निघतात आणि जेथे जातात, अशा प्रत्येक जिल्ह्यातील समितीचे सदस्य, बैठकांच्या तारखा आणि निर्णय जाहीर करावेत. प्रत्येक समितीत ऊसतोड महिलांच्या दोन प्रतिनिधी घ्याव्यात. नोंदवहीत व्यवसायाच्या रकान्यात "मजुरी" असे मोघम न लिहिता "ऊसतोड" असे लिहावे. शस्त्रक्रिया कोणत्याही जिल्ह्यात झाली तरी ती बाईच्या मूळ तालुक्याच्या नोंदीत यावी. तालुकावार आकडे दर तीन महिन्यांनी, नावे गुप्त ठेवून, प्रसिद्ध करावेत.

मागणी २ : चाळिशीच्या आत दुसऱ्या डॉक्टरांचा लेखी सल्ला

२०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घालण्यात आली. अट योग्यच आहे. पण अट एका जिल्ह्यापुरती राहिली तर शेजारच्या जिल्ह्यात जाणारी एसटी ती मोडून काढते. शिवाय परवानगी नुसत्या कागदावरून देता येते, सल्ला मात्र बाईला तपासूनच द्यावा लागतो.

आमची मागणी : ४० वर्षांखालील कोणत्याही महिलेचे गर्भाशय काढण्यापूर्वी सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाने तिला प्रत्यक्ष तपासून लेखी मत द्यावे. हा नियम राज्यभर असावा. तपासणी मोफत आणि अर्ज केल्यापासून ७ दिवसांत व्हावी. रक्तस्रावाने जीव धोक्यात असेल तर ही अट लागू नसावी. मात्र अशा प्रत्येक शस्त्रक्रियेचे कारण ४८ तासांत जिल्हा संनियंत्रण समितीला कळवावे.

मागणी ३ : आधी औषधोपचार, मग शस्त्रक्रिया

आमच्यातील बहुतेक बायका दवाखान्यात जातात त्या अंगावरून पांढरे जाते, पाळीत फार जाते, ओटीपोट दुखते, कंबर धरते म्हणून. यांतील बराचसा त्रास जंतुसंसर्गाचा असतो आणि तो औषधांनी बरा होतो. पाळीतील जादा रक्तस्रावावर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन आहे, ते काही वर्षे काम करते. एखादी गाठ असेल तर गर्भाशय ठेवून तेवढी गाठ काढता येते. हे पर्याय बाईला सांगितलेच जात नाहीत. "मुले झाली, नसबंदी झाली, आता पिशवीचे काय काम?" या एका वाक्यात सल्ला संपतो.

आमची मागणी : कोणते उपचार दिले, किती दिवस दिले आणि गुण का आला नाही, याची नोंद असलेले एक पानी उपचारपत्रक शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत सक्तीचे करावे. वर सांगितलेली औषधे व साधने आमच्या भागातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बाराही महिने मोफत मिळावीत.

मागणी ४ : कर्करोगाची भीती घालण्यास मनाई

सोनोग्राफीच्या कागदावर "पिशवीला सूज" असा शेरा असतो आणि तोंडाने सांगितले जाते की, काढली नाही तर कॅन्सर होईल. सूज म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोगाचा संशय सोनोग्राफीच्या एका शेऱ्यावर ठरत नाही. त्यासाठी गर्भाशयमुखाची तपासणी आणि गरज पडल्यास तुकड्याची तपासणी करावी लागते.

आमची मागणी : "कर्करोगाचा धोका" हे कारण लिहायचे असेल तर तपासणीचा लेखी अहवाल जोडणे बंधनकारक करावे. अहवालाशिवाय हे कारण लिहिणाऱ्या रुग्णालयाची चौकशी समितीने आपणहून करावी. हंगामाला निघण्यापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ३० वर्षांवरील प्रत्येक ऊसतोड महिलेची गर्भाशयमुखाची तपासणी गावात व्हावी.

मागणी ५ : संमती बाईची, मराठीत आणि समजावून

प्रौढ बाईच्या शरीराबाबतची संमती तिचीच लागते. निदानापुरत्या तपासणीला दिलेल्या संमतीवर एका महिलेचे गर्भाशय व अंडाशय काढल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच हे स्पष्ट केले आहे. ती महिला भुलीखाली असताना तिच्या आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. जेथे आईची सही चालली नाही तेथे नवऱ्याची किंवा टोळी नेणाऱ्या मुकादमाची कशी चालेल?

आमची मागणी : संमतीपत्र सोप्या मराठीत असावे. शस्त्रक्रियेचे कारण, इतर पर्याय, छेद कोठे व किती, अंडाशय ठेवणार की काढणार, मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा होण्याचा धोका आणि किती दिवस वजन उचलायचे नाही, या सहा गोष्टी त्यात स्वतंत्रपणे लिहाव्यात. जिला वाचता येत नाही तिला आशा कार्यकर्ती किंवा परिचारिकेने ते वाचून दाखवावे आणि वाचून दाखवल्याची सही करावी. तातडीची वेळ सोडून, संमती आणि शस्त्रक्रिया यांत किमान ७२ तासांचे अंतर असावे. उसाच्या फडातून आलेल्या बाईला त्याच दिवशी टेबलावर घेण्याची पद्धत बंद व्हावी.

मागणी ६ : अंडाशयांबाबत वेगळा निर्णय

गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशये काढली की पाळी जाण्याचे वय एका दिवसात येते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, चिडचिड, हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा वाढता धोका हे सारे तिशी-पस्तिशीच्या बाईला भोगावे लागते, आणि कोयता मात्र चालूच राहतो. अंडाशये ठेवली तरी काही जणींत ती वेळेआधी थंडावतात, म्हणून निरोगी अंडाशय राखणे अधिकच महत्त्वाचे आहे.

आमची मागणी : निरोगी अंडाशय काढू नये. काढावेच लागले तर त्याचे कारण आणि संमती वेगळी लिहावी. काढलेले सर्व अवयव पॅथॉलॉजी तपासणीसाठी पाठवावेत आणि अहवालाची प्रत बाईच्या हातात द्यावी.

मागणी ७ : गरज असेल तेव्हा कमी त्रासाची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात

खरी गरज असलेल्या बाईला आज दोनच रस्ते दिसतात : सरकारी दवाखान्यातील लांबलेली तारीख किंवा खासगी दवाखान्यासाठी मुकादमाकडून घेतलेली वाढीव उचल. दुसरा रस्ता तिला पुढच्या हंगामासाठी बांधून टाकतो.

शक्य असेल तेथे योनीमार्गे गर्भाशय काढावे, त्यात पोटावर छेदच नसतो. ते जमण्यासारखे नसेल आणि गर्भाशय फार मोठे नसेल तर लहान छेदाची पद्धत उपयोगी पडते. नेहमीच्या १० ते १५ सेंटिमीटरच्या छेदापेक्षा तिच्यात वेदना कमी होतात आणि बाई लवकर हिंडू-फिरू लागते. दुर्बिणीचे महागडे यंत्र लागत नाही, पोटात वायू भरावा लागत नाही. नेहमीचे शस्त्रक्रियागृह, साधी हत्यारे, कमरेतून दिलेली भूल आणि हात बसलेला डॉक्टर एवढ्यावर काम होते. म्हणजे ही पद्धत उपजिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातली आहे. गाठी फार मोठ्या असतील, आत चिकटलेले असेल किंवा कर्करोगाचा संशय असेल तर मोठा छेदच घ्यावा. टाका लहान ठेवण्याच्या हट्टापायी बाईचा जीव धोक्यात घालू नये.

आमची मागणी : अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात योनीमार्गे आणि लहान छेदाने गर्भाशय काढण्याचे प्रशिक्षण सुरू करावे. आमच्या भागातील प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयातील एका तरी स्त्रीरोगतज्ज्ञाला एका वर्षात ते मिळावे. शस्त्रक्रियेसाठी आठवड्याचा एक दिवस राखून ठेवावा. गरज लेखी ठरल्यापासून ३० दिवसांत तारीख मिळावी. कोणती पद्धत निवडली आणि का, हे कागदावर यावे.

मागणी ८ : ४२ दिवसांची भरपगारी विश्रांती

पोटावरचा टाका आठ-दहा दिवसांत भरलेला दिसतो. पण गर्भाशय काढल्यावर योनीचा वरचा भाग शिवलेला असतो, आधार देणारे बंध कापलेले असतात. छेद कोणताही असो, आतील जखम भरायला साधारण सहा आठवडे लागतात. त्याआधी तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढले, तर टाके उसवण्याचा, रक्तस्रावाचा आणि पुढे अंग बाहेर येण्याचा धोका असतो. लहान टाक्याच्या नावाखाली विश्रांती कापली जाणार असेल तर ती सोय बाईची न राहता मुकादमाची होते.

देशाच्या मातृत्व लाभाच्या तरतुदींत गर्भपातानंतर ६ आठवड्यांची आणि नसबंदीनंतर २ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. आम्ही नवे तत्त्व मागत नाही. त्याच तत्त्वात आमच्या बायकांना बसवा, एवढेच म्हणणे आहे.

आमची मागणी : लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने शस्त्रक्रिया झालेल्या महिलेच्या खात्यात किमान वेतनाच्या दराने ४२ दिवसांची रक्कम थेट भरावी. या काळाचा खाडा लावू नये, उचलीवर व्याज चढवू नये आणि नवऱ्याला एकट्याने काम करण्याची मुभा असावी. पाळीच्या आणि आजाराच्या दिवसांचाही खाडा बंद व्हावा. ही कलमे तोडणी दराच्या पुढच्या करारातच लिहावीत.

मागणी ९ : दुखणे जेथे सुरू होते तेथे उपाय

पहाटे चारला फड गाठायचा, दिवसभर लघवीला आडोसा नाही, पाळीचे फडके धुवायला पाणी नाही, रात्री कोपीत झोपायचे. यातून जंतुसंसर्ग होतो, संसर्ग अंगावर काढला जातो आणि शेवट शस्त्रक्रियेत होतो.

आमची मागणी : प्रत्येक कारखान्याने आपल्या तोडणी कामगारांच्या तळावर पाणी, दिवा, स्नानगृह आणि दर २० महिलांमागे एक शौचालय द्यावे. फडांसाठी फिरती शौचालये ठेवावीत. महिला डॉक्टर असलेले फिरते पथक दर पंधरवड्याला तळावर यावे. कोणत्याही कारखान्याला पुढील हंगामाचा गाळप परवाना देताना साखर आयुक्तांनी ही अट तपासावी.

मागणी १० : ज्यांची पिशवी आधीच काढली आहे त्यांची जबाबदारी

१३,८६१ ही नुसती पाहणीतील बेरीज नाही, त्या जिवंत बायका आहेत. त्यांची गणना झाली. पुढच्या उपचारांची हमी मात्र त्यांना मिळालेली नाही.

आमची मागणी : या प्रत्येक महिलेला स्वतंत्र आरोग्यपत्र द्यावे. वर्षातून दोनदा, हंगामापूर्वी व नंतर, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, हाडे आणि मानसिक त्रास यांची तपासणी करावी. कॅल्शियम व लागणारी इतर औषधे मोफत द्यावीत. शस्त्रक्रिया विनाकारण झाल्याचे कागदपत्रांवरून दिसले तर तिला भरपाई मिळावी आणि त्यासाठी मोफत कायदेशीर मदत द्यावी.

मागणी ११ : दोषी रुग्णालयांवर कारवाई

विनाकारण किंवा योग्य संमतीविना गर्भाशय काढल्याचे आढळल्यास अशा रुग्णालयांना काळ्या यादीत टाकण्यासारखी कडक कारवाई करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मागणी १ मध्ये सांगितलेल्या २०२३ च्या निकालात म्हटले आहे. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये रुग्ण हक्कांची सनद आली. कायदा हाताशी आहे, तो वापरात आला पाहिजे.

आमची मागणी : तक्रार आल्यापासून ४५ दिवसांत निर्णय द्यावा. दोष सिद्ध झाल्यास शासकीय विमा योजनांतून रुग्णालयाला वगळावे आणि नोंदणी रद्द करण्याची कार्यवाही सुरू करावी. तक्रार करणाऱ्या बाईच्या जोडीला कामावरून काढणाऱ्या मुकादमावरही कारवाई व्हावी.

पैशाचा हिशेब

हे परवडणारे नाही, असे उत्तर आम्हाला देऊ नये. महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रतिटन १० रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून, असे सूत्र ठरलेले आहे. राज्यात एका हंगामात १० कोटी टन गाळप झाले तर कारखान्यांचा वाटा १०० कोटी आणि सरकारचा १०० कोटी होतो. आता विश्रांतीचा खर्च पाहा. दिवसाला ४०० रुपये धरले तर ४२ दिवसांचे १६,८०० रुपये होतात. वर्षाला १,००० महिलांना ही रक्कम दिली तर १ कोटी ६८ लाख रुपये लागतात, म्हणजे त्या २०० कोटींतील एक टक्काही नाही. दुसरा सल्ला, संमतीपत्र, नोंदवही यांना तर आदेशापलीकडे फारसा खर्च नाही.

मुदत

मागण्या १, २, ४ आणि ५ यांना शासन निर्णय पुरतो. त्यांची मुदत ३० दिवस. मागण्या ३, ६, १० आणि ११ यांना ९० दिवस. मागण्या ८ आणि ९ येत्या गाळप हंगामाच्या पहिल्या दिवसापासून लागू व्हाव्यात. मागणी ७ मधील प्रशिक्षणाला एक वर्ष. प्रत्येक टप्प्यानंतर संघटनेसोबत बैठक होऊन तिचे इतिवृत्त लेखी मिळावे.

आमचा वाटा

आमची संघटना गावोगाव बायकांच्या बैठका घेईल, तपासणी शिबिरांना त्यांना आणेल, संमतीपत्र समजावून सांगेल आणि नोंदींच्या पडताळणीत मदत करेल. प्रामाणिक डॉक्टरांशी आमचे भांडण नाही. नियम स्पष्ट झाले तर त्यांनाही संरक्षणच मिळेल.

महोदय, पाहणी झाली, समिती झाली, न्यायालयाचा निकालही झाला. आता आम्हाला नवी समिती नको. वर लिहिलेल्या अकरा मागण्यांपैकी प्रत्येकीसमोर "मान्य" किंवा "अमान्य" आणि अमान्य असल्यास कारण, एवढे लेखी उत्तर १५ दिवसांत द्यावे. ज्या मागणीचे उत्तर येणार नाही, ती अमान्य समजून आम्ही पुढील हंगामाच्या कराराच्या बोलणीत पहिल्या क्रमांकावर ठेवू. ते कलम लिहिले जाईपर्यंत आम्ही कोयत्याला हात लावणार नाही.

आपल्या,
ऊसतोड महिला कामगार संघटनेच्या सर्व सभासदांच्या वतीने